माळेगाव: बिनगावाच्यांचं गाव

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर ओस पडतं. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा वाटांवर शुकशुकाट असतो, शाळा-कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी असते, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही तोही कुणाच्या तरी शेताचं बोलावणं घेऊन सकाळीच बाहेर पडलेला असतो. ही येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात चुन्या-काव्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, खिचडा, खीर असा नैवेद्य दाखवायचा, पिकात आंबील शिंपडायची आणि बिंदग्यात उरलेली आंबील पोट तट्ट होईपर्यंत प्यायची. अंधार पडला की पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फेरा. मुख्यतः लातूर, धाराशिव, नांदेडचा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडचं बीदर या पट्ट्यात हा सण आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तो बहुधा ठाऊक नसतो, आणि तो समजावून सांगण्याचा आम्हा मराठवाड्यातल्यांना आता कंटाळाही आला आहे.

याच अमावास्येच्या तोंडावर, लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर, अहमदपूर मागे पडल्यावर आणि लोहा यायच्या आधी, एका लहानशा गावाच्या माळावर लाखो माणसं उतरलेली असतात. ही माळेगावच्या खंडोबाची यात्रा. चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे एकाच तिथीला या मुलखात दोन मोठ्या हालचाली होतात. ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते आपापल्या शेतात जातात. ज्यांच्या नावावर काहीच नाही, पाठीवर बिऱ्हाड हाच ज्यांचा पत्ता, ते माळेगावला येतात. हा योग कुणी ठरवून जुळवला असेल असं मला वाटत नाही. शिवाय ही विभागणी अगदी काटेकोर आहे असंही नाही, कारण लोहा-कंधारचा शेतकरी येळवस उरकून दुसऱ्या दिवशी बैलजोडी बघायला याच माळावर येतो. तरीही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय माळेगाव समजत नाही, असं माझं मत आहे. पुढच्या पानांतले लेख, मुलाखती आणि छायाचित्रं वाचताना वाचकाने ते मनाशी ठेवावं म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत देवस्थानं आणि उत्सव कमी नाहीत. लातूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर-रत्नेश्वर. महाशिवरात्रीला त्याची यात्रा भरते आणि अख्खं शहर ती आपली मानतं. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं १७०८ मध्ये निर्वाण झालं, तिथे तख्त सचखंड हजूर साहिब उभं आहे. दसऱ्याला आणि होळीला तिथे निघणारा हल्लाबोल ज्याने पाहिला आहे त्याला घोडे, शस्त्रं आणि धर्म यांचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. माहूरला रेणुका आणि दत्तशिखर आहे, कंधारला हाजी सय्याह यांचा दर्गा आणि उरूस. या प्रत्येक उत्सवाला यजमान आहे: शहर आहे, संगत आहे, एखादा पंथ आहे. माळेगावला मंदिर आहे, मानकरी आहेत, पुजारी आहेत, पण यात्रेचे खरे यजमान वर्षातले उरलेले दिवस तिथे राहतच नाहीत. ते येतात, पालं ठोकतात, पाच-आठ दिवसांत उठून जातात, आणि मागे एक साधं खेडं उरतं.

‘दक्षिण भारतातली सर्वांत मोठी यात्रा’ असं दरवर्षी बातम्यांत छापून येतं. कुणी मोजलं, कशाशी ताडून पाहिलं, हे बातमीत नसतं. यात्रा मोठी आहे एवढं पुरे.

आता देवाकडे वळू. महाराष्ट्रात खंडोबाचा मोठा दिवस चंपाषष्ठी. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षड्रात्र बसतं आणि मणी-मल्ल या दैत्यांचा वध झाला त्या षष्ठीला ते उठतं. वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करून चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा ताटात येतं. जेजुरीचा उत्साह तिथे टिपेला पोचतो. माळेगावची यात्रा मात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी, महिन्याच्या अगदी शेवटाला. पुराणातल्या युद्धाची तारीख तिने मुख्य धरलेली दिसत नाही. माझ्या समजुतीने ही निवड मुलखाच्या सोयीची आहे. या सुमाराला खरिपाचं धान्य घरात आलेलं असतं, तुरीची रास समोर दिसत असते, रब्बीची ज्वारी पोटऱ्यात नाहीतर हुरड्याला टेकलेली असते आणि बैलाला थोडी उसंत असते. हातात थोडा पैसा, रस्ते कोरडे, माळावर गवत अजून शिल्लक. पावसाळाभर एखाद्या गावाच्या कडेला अडकून पडलेली भटकी बिऱ्हाडं दिवाळीनंतर हलतात. मार्गशीर्षाच्या शेवटी ती सगळी वाटेवर असतात. देवाने हीच वेळ धरली, किंवा लोकांनी देवाला या वेळेवर आणून बसवलं.

खंडोबा हा मुळातच फिरता देव आहे. घोड्यावर बसलेला, कुत्रा सोबत, हातात खांडा, शिकारीला जाणारा. दक्षिणेकडे तो मैलार आहे, तेलंगणात मल्लण्णा. बीदरजवळच्या मैलारला त्याचं आद्य स्थान मानणारे भक्त पुष्कळ आहेत, आणि माळेगावचा देवही तिकडूनच आला असं इथली आख्यायिका सांगते. बैलांवर गोण्या लादून व्यापाऱ्यांचा तांडा निघाला, इथे मुक्काम पडला, सकाळी एक गोणी काही केल्या उचलेना. उघडून पाहिली तर धान्यात देव. मग तिथेच त्याची स्थापना झाली. अशा कथा महाराष्ट्रात डझनांनी सापडतील, देव जड होतो आणि भक्ताला थांबावं लागतं. पण बहुतेक कथांत देव भक्ताच्या भक्तीने येतो, आणि इथे तो मालाबरोबर, व्यापाराच्या वाटेवरून आला आहे. बालाघाटच्या पठारावरून गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचा मुक्काम आणि त्या मुक्कामाचा बाजार, हे या यात्रेचं मूळ कथेनेच सांगून ठेवलं आहे. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या आरोळीतली कानडी आम्हाला परकी वाटत नाही. देगलूर, मुखेड, उदगीरकडची कितीतरी घरं आजही दोन-तीन भाषांत संसार करतात.

त्या देवाचा संसारही तसाच. पहिली बायको म्हाळसा लिंगायत वाण्याची. दुसरी बाणाई धनगराची. पहिली हक्काची, दुसरी हट्टाची. दोघींच्या भांडणावर जागरणातल्या वाघ्यांनी पिढ्यान् पिढ्या रात्री काढल्या आहेत. परंपरेत आणखी नावं येतात: रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चांदाई बागवानीण. म्हणजे बाजारपेठेतला वाणी, माळावरचा मेंढपाळ, कापड शिवणारा, बाग राखणारा आणि फळं विकणारा मुसलमान, सगळ्यांची देवाशी सोयरीक झाली. लातूर-नांदेडच्या कुठल्याही जुन्या गावात पेठेतले लिंगायत आणि शिवारातले हटकर-धनगर यांचं एकमेकांवाचून अडणारं आणि एकमेकांशी कुरकुरणारं नातं ज्याने पाहिलं आहे, त्याला हा देव कुठल्या घरचा, हे सांगायला नको. पुढच्या पिढ्यांनी याच देवाला मल्लूखानही म्हटलं, अजमतखानही म्हटलं.

रा. चिं. ढेरे यांचं ‘खंडोबा’ हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. मैलार, मल्लण्णा आणि खंडोबा हे धागे मराठी वाचकासमोर त्यांनी एकत्र ठेवले. त्यानंतर ग्युंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या मागे धनगरांबरोबर अक्षरशः पायपीट केली. त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ चा, इंग्रजीत तो १९८९ मध्ये आला. या दोघांचं ऋण मान्य करून एक तक्रार नोंदवतो. खंडोबावरचं आपलं बहुतेक लिखाण जेजुरीच्या पायऱ्या चढायला लागतं आणि तिथेच रमतं. मराठवाड्याकडे येताना ते अणदूर-नळदुर्गला थोडं थांबतं, छत्रपती संभाजीनगरजवळच्या साताऱ्याचं नाव घेतं. माळेगावच्या वाट्याला उरतात त्या जत्रेच्या बातम्या आणि घोड्यांचे फोटो. हा संग्रह त्या तुटीवर थोडा तरी उतारा ठरावा.

यात्रेची सुरुवात देवस्वारीने होते. पालखी निघते, भंडाऱ्याने आभाळ पिवळं होतं, खारीक-खोबरं उधळलं जातं आणि ते वेचायला पोरं माणसांच्या पायांतून शिरतात. रिसनगावच्या पालखीचा मान जुना आहे. मानकऱ्यांना फेटे बांधले जातात, आणि फेटा कुणाला आधी या प्रश्नावर जेवढं राजकारण होतं तेवढं पंचायत समितीच्या निवडणुकीतही होत नसेल. वाघ्यांच्या गळ्यात व्याघ्रचर्माची म्हणून मिरवणारी पिशवी, हातात दिमडी, कुणाकडे तुणतुणं आणि घाटी. ठिकठिकाणी तळी भरली जाते. कुणी लंगर तोडतो, म्हणजे देवापुढे लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडून दाखवतो. ती तुटली नाही तर वर्षभराची काळजी लागते.

मुरळीबद्दल मात्र गोड लिहिता येत नाही. नवसाची पोर देवाला वाहायची, तिचं लग्न देवाशी लावायचं आणि मग तिने जन्मभर जागरणात नाचायचं. देवाची बायको म्हणून तिचा मान किती आणि माणसांकडून तिचा छळ किती, याचा हिशोब मराठी समाजाने फार उशिरा मांडायला घेतला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर बोलताना हे जिणं सोडा असं सरळ सांगितलं होतं. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्धचा नवा कायदा २००५ चा. आज जागरणात जी मुरळी उभी राहते ती पुष्कळदा व्यावसायिक कलावंत असते, संसार असलेली. तिच्या कलेला दाद द्यावी, प्रथेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढणं शक्य आहे, आणि ते न करता ‘लोकसंस्कृतीचा ठेवा’ म्हणून सगळं एकाच फडक्यात बांधणारे लेखक मला पटत नाहीत.

मंदिराकडून निघून माळावर आलं की खरी यात्रा लागते.

घोडा हा माळेगावचा दिमाख. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशापर्यंतचे व्यापारी इथे जनावरं घेऊन येतात. मारवाडी, काठेवाडी, आणि या दोन्हींत न बसणारी गावठी तट्टंही. घोडा बघणारा माणूस आधी रंग बघत नाही, भोवरे बघतो. कुठला भोवरा शुभ, कुठला घात करणारा, यावर तासन् तास वाद होतो. देवमण हा भोवरा असेल तर भाव चढतो. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर तो पंचकल्याणी, त्याचा मालक बोलायलाच तयार नसतो. मग रवाल चाल दाखवली जाते: घोडा धावतोय, स्वार खोगिरावर हलत नाही. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या घोड्यांची वेगळी रांग. एके काळी घोडा हे वाहन होतं. आता तो हौस, प्रतिष्ठा आणि वरातीचा धंदा आहे. त्यामुळे किमती लाखांत जातात, आणि राजकारणी माणूस एखाद्या घोड्याच्या पाठीवर बसून फोटो काढून घेतल्याशिवाय परत जात नाही.

मला जास्त ओढ गाढवांच्या बाजाराची. तिथे वर्तमानपत्रांचे कॅमेरे कमी जातात. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, परीट ही तिथली गिऱ्हाइकं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं मढी आणि पौष पौर्णिमेची जेजुरी हे गाढवांचे दुसरे दोन नावाजलेले बाजार. मढीला कानिफनाथ, जेजुरीला पुन्हा खंडोबाच. काठेवाडी गाढव उंच, देखणं आणि महाग. गावठी गाढव बुटकं, चिवट. वीटभट्टीवर, वाळूवर, डोंगरातल्या बांधकामावर, जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे ते जातं. दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवरच्या जुन्या जखमेवर हात ठेवून ते दचकतं का ते बघायचं. सौदा उधारीवरही होतो, पुढच्या यात्रेला पैसे देण्याच्या बोलीवर. कागद नाही, जामीन नाही. खंडोबाच्या माळावर दिलेला शब्द मोडणारा माणूस पुढच्या वर्षी त्याच माळावर त्याच माणसांना तोंड देणार असतो, म्हणून ही उधारी बुडत नाही.

पण हा बाजार आटतो आहे. पशुगणनेप्रमाणे देशात २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. जेसीबीने वडाराचं काम घेतलं, प्लास्टिकने कुंभाराचं. गाढव कमी झालं याचं दुःख कुणी करत नाही, कारण ते पाळणाऱ्यांचंही कुणी केलं नव्हतं.

गाई-बैलांच्या दावणीला या मुलखाचा अभिमान बांधलेला असतो. लाल कंधारी आणि देवणी या दोन्ही जाती इथल्याच मातीतल्या. पहिलीचं घर कंधार, लोहा, मुखेड. दुसरीचं देवणी, उदगीर. लाल कंधारीचा बैल गडद तांबडा, आटोपशीर बांध्याचा, उन्हाला आणि कोरड्या वैरणीला दाद न देणारा. देवणी दुहेरी कामाची: बैल ओढकामाला, गाय दुधाला. अंगाच्या रंगावरून तिचे वानेरा, शेवरा, बालंक्या असे प्रकार. जिल्हा परिषद इथे पशुप्रदर्शन भरवते, बक्षिसं देते, आणि बक्षीस मिळालेल्या वळूचा मालक गळ्यातला हार जनावराच्या गळ्यात घालून गावी परततो. सौदा मात्र मंचावर होत नाही. तो हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, करतो, उपरण्याखाली. दोघांचे हात कापडाआड जातात, बोटं दाबली जातात, चेहरे निर्विकार. भोवती वीस माणसं उभी असतात, पण भाव दोघांनाच कळतो. अदात, दोनदाती, चारदाती, जुळलेला हे वयाचे शब्द ऐकू येतात, आकडा येत नाही.

इथेही गर्दी पूर्वीची राहिली नाही. ट्रॅक्टरने बैलाची गरज कमी केली ते पहिलं कारण. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, ते दुसरं. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा हे कोरडवाहू शेतकऱ्याचं जुनं गणित त्याने मोडलं. या कायद्याच्या बाजूने बोलणारे सगळीकडे भेटतात. म्हाताऱ्या बैलाची वैरण कुणी द्यायची हे सांगणारा दावणीवर मला तरी भेटला नाही. त्यात २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळे यात्राच भरली नाही, आणि २०२२ ला लम्पीने राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद पाडले.

तमाशाच्या कनाती रस्त्याच्या कडेने लागतात. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. माळेगाव त्यातला मोठा मुक्काम. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम अजून टिकवणारे फड आहेत, पण प्रेक्षक गाण्यांसाठी बसतो हे फडमालकांना ठाऊक आहे. जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव वेगळा, मोठ्या मंचावर, पाहुण्यांच्या भाषणांनंतर. कुस्त्यांची दंगल, भजीचा घाणा, मौत का कुआँ, घोंगड्यांचे ढीग, घुंगरं, कवड्या, पोत, लोखंडी अवजारं, बांगड्या. हे सगळं संग्रहातल्या छायाचित्रांत आहे, मी त्याची यादी लांबवत नाही.

ज्याचं छायाचित्र सहज काढता येत नाही त्याबद्दल थोडं सविस्तर. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी, जोशी, गोंधळी, तिरमल, डोंबारी, दरवेशी, कैकाडी, पाथरूट. या समाजांची माणसं वर्षभर चार-पाच राज्यांत विखुरलेली असतात. लग्नं कुठे जुळवायची? मेलेल्याचा निरोप कुणाला सांगायचा? भावाभावांत फिरण्याच्या गावांवरून तंटा झाला तर तो कुणापुढे न्यायचा? त्यांच्यासाठी माळेगाव ही पेठ होती, टपालकचेरी होती आणि कोर्टही. पालांच्या मधल्या मोकळ्या जागेत जातपंचायती भरत. सोयरिकी ठरत, उधाऱ्या फिटत, फिरण्याच्या हद्दी वाटून घेतल्या जात. यांतल्या ज्या समाजाला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पोलीसपाटलाकडे हजेरी लावल्याशिवाय ज्याला गावाबाहेर हलता येत नव्हतं, त्याला सरकारी कोर्टात न्याय मागायला जा म्हणणं हा विनोद झाला असता. तो कायदा १९५२ मध्ये गेला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना माहीत आहे की कायदा गेल्यावरही गावाची नजर बदलली नव्हती. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माळेगावच्या माळावर उतरणाऱ्या माणसांच्या आतलं जग त्याने मराठीत आणलं.

म्हणून जातपंचायतीला नुसतं मागास म्हणून मोकळं होता येत नाही. पण तिचं कौतुकही करता येत नाही. पंच पुरुषच असत. दंड गरिबाला जास्त, आणि शिक्षा बाईला सर्वांत जास्त. वाळीत टाकणं ही फिरत्या माणसाला जगण्यातूनच हद्दपार करणारी शिक्षा होती, कारण त्याला आपल्या माणसांखेरीज दुसरं गावच नव्हतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली, काही पंचायती बरखास्त झाल्या आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो हवाच होता. जुनं कोर्ट मोडलं हे बरं झालं. त्याच्या जागी तालुक्याचं कोर्ट त्या पालापर्यंत पोचलं का, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि मुलाखती वाचताना तो वाचकाला पानोपानी भेटेल.

काही खेळ कायद्याने गेले. दरवेशाचं अस्वल गेलं, माकडवाल्याचं माकड गेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, अंमल हळूहळू आला. अस्वलाच्या नाकातली वेसण सुटली हे चांगलंच. दरवेशाच्या पोटाचं काय केलं, ते विचारू नये. वैदूची जडीबुटी कुणी घेत नाही, घिसाड्याची खुरपी कारखान्याच्या खुरप्यापुढे महाग पडते. पालात आता मोबाइल चार्ज करायला तारा ओढलेल्या दिसतात, सोयरीक व्हिडिओ कॉलवर ठरते. मग यात्रेला येण्याचं कारण काय उरलं? हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला, आणि उत्तरं एकसारखी नाहीत. काही म्हणतात देव. काही म्हणतात सवय. एका म्हाताऱ्या घिसाडी बाईने विचारणाऱ्यालाच उलट विचारलं, की दिवाळीला तुम्ही गावाकडं कशाला जाता?

सरकारचं लक्ष यात्रेकडे आहे, पण ते मंचाकडे बघतं. कृषिप्रदर्शन, लावणी, उद्घाटन, सत्कार. पर्यटन वाढावं, ब्रँडिंग व्हावं, असं अलीकडे ऐकू येतं. माझं याला उत्तर असं, की या मुलखातली भटकी कुटुंबं इतक्या संख्येने एका माळावर, एका वेळी, दुसरीकडे कुठे सापडणार आहेत? बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात भटक्या-विमुक्तांची भूमिहीनता आणि कागदपत्रांचा अभाव दाखवून दिला. रेणके स्वतः गोंधळी समाजातले. जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार, मुलांचं शाळेत नाव, डोळ्यांची आणि क्षयाची तपासणी, बाळांच्या लसी: यातलं प्रत्येक काम या पाच दिवसांत माळावरच्या एका मंडपात होऊ शकतं. अधूनमधून अशी शिबिरं होतातही, पण ती उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून घेतात आणि दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं असतं. लावणीच्या मंचाला लागतो तेवढा खर्चही त्यांना लागणार नाही. पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी संडास यांच्यासाठी मात्र खर्च लागेल, आणि तो करावा.

संग्रहातले लेख एका सुरात बोलत नाहीत. देवस्वारीवरचा लेख भक्ताने लिहिला आहे, जातपंचायतीवरचा तिच्या विरोधात उभं राहिलेल्या कार्यकर्त्याने. दोघांचं एकमेकांशी पटणार नाही आणि संपादक ते पटवायला गेले नाहीत, हे त्यांनी चांगलं केलं. लाल कंधारीवरचं प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण ते एका पशुवैद्यकाचं आहे आणि त्यात विशेषणं कमी आहेत.

वाचकाला शेवटची विनंती एवढीच. पुस्तक वाचून माळेगावला जावंसं वाटलं तर चतुर्दशीला सकाळी पोचा, थंडी असते, घोंगडी तिथेच मिळेल. भंडारा कपड्यांवरून लवकर जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला. मंचासमोर खुर्ची मिळाली तरी बसू नका, गाढवांचा बाजार कुठे आहे ते विचारा. पालांच्या गल्लीत शिरलात तर फोटो काढण्याआधी परवानगी मागा, आणि कुणी चहाला बसा म्हणालं तर बसा.